मासळी सुकवायच्या यंत्राचे दोन हंगाम

मासळी साफ करून हात कितीही धुतले तरी एखादं खवलं कोपराला नाहीतर कानामागे चिकटून राहतंच. किश्श्यांचंही तसंच. काम संपतं, शेड झाडून होते, फायली खोक्यात जातात आणि मग भलत्याच वेळी एखादा किस्सा अंगावर सापडतो. आमच्या शेडमधून यंत्रं निघाली तीन. किस्से किती निघाले ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

आधी माणसं सांगते. मी दहावीनंतर पुण्याला आणि तिथून हॉलंडला शिकले. विषय होता नवीन वस्तू कशी घडवायची. परत आले ती एकच ध्यास घेऊन. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी भर उन्हात वाळूवर मासे पसरायचे, दिवसभर कावळे हाकायचे आणि एक अवकाळी सर आली की सगळं मातीत, हे थांबलं पाहिजे! मालवणहून आचऱ्याकडे जाताना काथ्याची एक जुनी शेड आहे, ती भाड्याने घेतली. जोडीला आले इनास सर. आयटीआयमध्ये तीस वर्षं वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले. आणि कसालच्या हायवेवर गेट-ग्रिल बनवणारा गुंडू. पन्नाशीचा गडी, हातात जादू.

एका संस्थेने आम्हाला दोन हंगाम दिले होते. दोन हंगामांत यंत्र चाललं तर चाळीस यंत्रं बनवायची, गावात कायमचं वर्कशॉप, आणि मी कायमची इथे. नाही चाललं तर शेड बंद, आणि मी पुन्हा विमानात. हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. उलट भेटेल त्याला सांगत सुटले होते. तेच चुकलं, असं आता वाटतं.

*

पहिल्या दिवशी मी शेडच्या भिंतीवर मोठा कागद लावला आणि वर लिहिलं, ‘आपल्याला काय माहीत नाही?’

नवीन वस्तू करताना माहीत असलेल्या गोष्टी बुडवत नाहीत, माहीत नसलेल्या बुडवतात, हे मला शिकवलं होतं. म्हणून प्रत्येकाने आपल्याला माहीत नसलेली एकेक गोष्ट पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायची. इनास सरांनी सुबक अक्षरात सतरा चिठ्ठ्या लिहिल्या. मी तीस. गुंडू पेन हातात धरून बसला होता. अर्धा तास झाला, चिठ्ठी कोरी.

“गुंडूभाऊ, काहीतरी लिहा ना!”

“बाय,” तो शांतपणे म्हणाला, “माका म्हायत नाय, ता माका कसा म्हायत असतला?”

इनास सर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मी मात्र त्याला वीस मिनिटं समजावत होते.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली तर सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर. इथल्या दमट हवेत तो गोंद रात्रभरसुद्धा टिकला नव्हता! किनाऱ्याने दिलेली ती पहिली माहिती होती, आणि फुकट दिली होती. मी काय केलं? टाचण्या आणल्या.

*

गुंडूला कशालाही किती दिवस लागतील विचारा, उत्तर एकच. “आठ दिवस.”

बिजागरी? आठ दिवस. जाळीचे ट्रे? आठ दिवस. अख्खा सांगाडा, छप्पर, पंख्याची खिडकी? आठ दिवस! मी तक्ता काढला. त्याने सांगितलेले दिवस एका रांगेत, खरे लागलेले दुसऱ्या रांगेत. बिजागरी एका दिवसात झाली होती, सांगाड्याला दीड महिना लागला होता. तक्ता त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, “गुंडूभाऊ, हा अंदाज आहे की काय आहे?”

त्याने तक्ता कौतुकाने बघितला. रेघा सरळ आल्या आहेत म्हणाला. मग म्हणाला, “आठ दिवस म्हटला की समोरचो माणूस शांतपणी घराक जाता, बाय. आणि माका काम करूक गावता.”

त्याचं काम मी रोज संध्याकाळी जाऊन अडवत होते, हे त्यात होतं. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही. मी तक्त्यात तिसरी रांग वाढवली.

*

पहिल्या यंत्राला मी एक नोंद करणारं उपकरण बसवलं होतं. आतली उष्णता, आतली दमट हवा, पंख्याचा वेग, सगळं दर दहा मिनिटांनी आपोआप टिपणारं. कॅटलॉगमध्ये पाच वर्षांची खात्री होती. मी ते उपकरण गावातल्या बायकांना नवजात बाळ दाखवावं तसं दाखवायचे.

तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडलं. इनास सरांनी उघडलं तर आत हिरवा गंज, वर मिठाची साय.

“पण कॅटलॉगमध्ये पाच वर्षं लिहिलंय!” मी ओरडलेच.

सरांनी चष्मा काढून पुसला. “बाय, तो कॅटलॉग लिवणाऱ्याक दर्याचो वारो कधी लागलो नाय.”

दुसरं उपकरण मागवायला वेळ नव्हता. मी ठरवलं, पुढच्या हंगामात वही ठेवू. यंत्र जिच्या अंगणात असेल तीच रोज लिहील. माणसाच्या हातच्या नोंदी गंजत नाहीत, असं मी त्या दिवशी मोठ्या ऐटीत म्हणाले होते.

*

मग बायकांची मतं घ्यायची पाळी आली. मी फॉर्म छापला. यंत्र उघडायला सोपं आहे का, ट्रे जड वाटतो का, मासा नीट सुकतो का. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण.

अकरा जणींनी फॉर्म भरले. सगळ्यांना सगळ्याला पाच! ट्रे इतका जड होता की मला स्वतःला तो उचलताना कमरेत कळ आली होती. त्यालाही पाच. फक्त एकीने, टोकाच्या घरातल्या सुनेने, ट्रेला चार दिले होते. मला इतका आनंद झाला! एक तरी खरं बोलली.

संध्याकाळी ती धापा टाकत शेडवर आली. “ताई, तो माझा कागद द्या जरा.”

“का गं?”

“घोव वराडलो माका. म्हणता, चेडवाक एक कमी कित्या दिलंस? आपलाच चेडू मा ता!”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. नवऱ्याचं ऐकून तिने चारावर काट मारली, पाच लिहिले, आणि जाताना हसून म्हणाली, “ट्रे पण तसो काय जड नाय हां.”

तो फॉर्म मी अजून ठेवलाय. तिथेच मी थांबायला हवं होतं. तो कागद भिंतीवर लावून त्याच्यासमोर दोन दिवस बसायला हवं होतं. मी सरासरी काढून पुढे गेले.

*

चवीची परीक्षा. हा माझ्या वेळापत्रकातला सगळ्यात लाडका दिवस. बारा बायका, बारा ताटं, प्रत्येक ताटात भाजलेल्या सुक्या बांगड्याचे दोन तुकडे. एक यंत्रातला, एक वाळूवरचा. कुठला कोणता ते सांगायचं नाही. तारीख मी दोन महिने आधी तक्त्यावर लाल रंगाने कोरली होती.

बाराही जणी वेळेवर आल्या. नवी लुगडी, केसांत अबोली. बसल्या. ताटाकडे बघितलं. एकमेकींकडे बघितलं. हात कुणाचाच पुढे येईना.

“घ्या ना!” मी म्हणत होते. “लाजताय काय!”

शेवटी इनास सर माझ्या कानाशी आले. “बाय, आज मार्गशीर्षातला गुरुवार मा?”

म्हणजे बघा, त्याच सकाळी आमच्या घरी आईने घट मांडला होता. त्या घटाला नमस्कार करून, हातावर प्रसाद घेऊन मी घराबाहेर पडले होते! माझ्या तक्त्यात गुरुवार होता, मार्गशीर्ष नव्हता.

“अहो, मग तारीख दिली तेव्हा कुणी बोललं का नाही?”

त्यातली वयस्कर बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, “तू शिकलेला चेडू. आमका वाटला, तुका म्हायत असतला.”

मासे वाया जाऊ नयेत म्हणून इनास सर बसले. एकट्याने बारा ताटं खाल्ली आणि बारा फॉर्म भरले. प्रामाणिक माणूस, प्रत्येक वेळी नव्याने विचार करून. पहिल्या फॉर्मवर पाच, मग चार, मग तीन, शेवटच्या तीन ताटांना एक-एक.

“सर, मासा तोच आहे. गुण वेगळे कसे?”

“पयल्या ताटाक भूक होती, बाय. बाराव्याक नुसता कर्तव्य!”

आणि मी त्या बारा फॉर्मांची सरासरी काढली. खरंच काढली. अहवालात तो आकडा अजूनही आहे.

*

मे महिन्यात एक यंत्र शेडमध्ये नवं कोरं उभं होतं, मासळी न लागलेलं. दोन दिवस मी पिंगुळीला मैत्रिणीकडे गेले आणि परत येते तर यंत्राच्या आत लालभडक काहीतरी! इनास सरांच्या पत्नी, फिलूबाई, यांनी आपल्या बागेतली कोकमं फोडून, रसात घोळवून आत पसरली होती. चारही ट्रे भरून.

मी संतापले. मासळीचं यंत्र आहे हे! आमचा उद्देश ठरलेला आहे, चाचणी ठरलेली आहे, असं कुणीही काहीही आत घातलं तर नोंदींचं काय? मी दारावर रंगाने लिहून ठेवलं, ‘फक्त मासळीसाठी’.

फिलूबाईंनी निमूट ट्रे रिकामे केले, धुऊन पुसून ठेवले. जाताना त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बोर्ड तू लावलंस गो. यंत्राक खंय म्हायत!”

आठवड्याने त्यांनी आमच्या घरी आमसुलांची पिशवी पाठवली. एकाही सालीला बुरशी नाही. रंग असा की आईने ती दोन दिवस नुसती काचेच्या बरणीत ठेवून बघितली. त्या हंगामात आमच्या यंत्रात तक्रारीशिवाय सुकलेली ती एकमेव गोष्ट. आणि त्यावरूनच मी ओरडले होते. फिलूबाईंची माफी मी मागितली, पण उशिरा मागितली. त्या म्हणाल्या, “मेल्या आमसुलांचा काय एवढा.”

*

दुसऱ्या हंगामाआधी गुंडूने सुधारलेल्या यंत्राचं काम सुरू करायचं होतं. दसरा झाला, काम सुरू होईना. विचारलं की एकच उत्तर. “वेल्डिंगचे रॉड इले नाय.” एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सहाव्या दिवशी पावती शोधायला मी गुंडूच्या स्कूटरची डिकी उघडली. आत रॉडचं अख्खं पाकीट! सील न फोडलेलं.

तेव्हा कळलं. गुंडू आणि इनास सर गावच्या देवळात कौल घ्यायला गेले होते. देवाला कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. डावी पडली होती. आठ दिवस थांबायचं ठरलं. आणि हे मला सांगायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

मी काय बोलले ते आठवलं की आज कान गरम होतात. विज्ञान, शिक्षण, वाया गेलेले दिवस. सगळं काढलं. मग इनास सरांकडे वळले. “आणि सर, तुम्ही? तुम्ही तर दर रविवारी चर्चमध्ये जाता!”

सर ओशाळले. “माझो देव असो ताबडतोब जबाब देणा नाय, बाय. म्हणान ह्यांच्यावांगडा गेलंय.”

हसू दाबायला मी पाठ फिरवली, पण माघार घेतली नाही. त्याच दिवशी काम सुरू करायला लावलं.

पुढे कधीतरी, राग निवल्यावर, गुंडूने देवळात पुजाऱ्यांनी घातलेलं गाऱ्हाणं मला म्हणून दाखवलं. “पंखो बंद पडात, वायर उंदीर खातीत, पाऊस अवेळी येयत, लोक मासे घेवचे नाय, ह्या चेडू कंटाळात आणि परत जायत... ता सगळा सांभाळून घे, म्हाराजा!” आणि प्रत्येक भीतीनंतर मागे उभ्या असलेल्यांनी एका आवाजात हुंकार द्यायचा.

माझ्या संगणकात धोक्यांची यादी होती. तेवीस धोके, प्रत्येकाला रंग दिलेला. त्यात उंदीर नव्हते. शेवटचा धोकाही नव्हता. आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मी “काही शंका?” विचारलं की हीच दोन माणसं छताकडे बघत बसायची!

*

आता इंदूकाकी.

दुसऱ्या हंगामातलं सुधारलेलं यंत्र तिच्या अंगणात ठेवलं. घर किनाऱ्याला लागून, सुरूच्या झाडांपाठी. सकाळी मासे विकायचे, उरलेले मीठ लावून सुकवायचे, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. नवरा गेलेला, मुलगा मुंबईत, गणपतीला येणार. सातवी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा बरं. वहीत तिने रोज लिहायचं. किती मासे घातले, किती वजन भरलं, सुकल्यावर किती, आणि शेवटचा रकाना तक्रार.

मी रोज चार वाजता जायचे. ती मासे यंत्रातून काढून टोपलीत ठेवायची, मी वजन करायचे, वही तपासायचे. पंखा गरगर फिरत असायचा. मग कोरा चहा, एखादं घावन, आणि तिचे प्रश्न.

“थंय हॉलंडात लोक मासे खातत काय गो?”

“खातात ना काकी. हेरिंग म्हणून मासा असतो, तो कच्चाच खातात. वर कांदा घालून.”

तिने कपाळावर हात मारला. “अगो बाय माझे! मगे तू परत इलंस ता बराच केलंस!”

अकरा आठवडे वहीतल्या तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘नाय’. वजनं अशी सुरेख की मी त्यांचा आलेख काढून शेडच्या भिंतीवर लावला. संस्थेला कळवलं, या आणि बघा. पाहणीला येणाऱ्या मॅडमना मी वेळ दिली चारची. ऊन उतरलेलं असतं, बरं पडतं.

मॅडमना नेमकी दुपारी ओरोसला मीटिंग निघाली, म्हणून त्या बारालाच आल्या. इनास सर, गुंडू, मी, सगळे घाईघाईने त्यांच्यामागून इंदूकाकीच्या अंगणात शिरलो.

यंत्राचं दार बंद होतं. पंखा थांबलेला. आणि सुरूच्या पलीकडे, भर उन्हात, जुन्या लुगड्यावर वाळूत साठ-सत्तर बांगडे पसरलेले. त्यांच्याशेजारी फळकुटावर इंदूकाकी बसलेली. एका हातात कावळे हाकायची काठी, दुसऱ्या हातात ओलं फडकं. एकेक बांगडा उचलून त्याची वाळू पुसत होती.

आम्हाला बघून ती उठली. पदर सारखा केला. आणि ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाली, “हे दुसरे आहेत मॅडम. यंत्रातले वेगळे.”

मॅडमनी यंत्राचं दार उघडलं. चारही ट्रे रिकामे, लख्ख धुतलेले.

“यंत्रातले कुठे आहेत?”

इंदूकाकीने क्षणभर विचार केला. “ते सुकले.”

मॅडमना हसू आवरेना. मी पंख्याला हात लावला. मोटार तापलेली, पातं अडकलेलं, बोटाने फिरवलं तरी फिरेना. दुपारी तापला की पंखा अडकायचा, ऊन उतरलं की आपोआप सुटायचा. आणि मी रोज यायचे चार वाजता!

इनास सर पुढे झाले. “मॅडम, आजच जरा फ्यूज...”

मॅडमनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. “वही तर उत्तम आहे. तुम्ही सांगा, काय लिहू?”

गुंडू जमिनीकडे बघत होता. इंदूकाकी माझ्याकडे बघत होती, आणि मान अगदी बारीक हलवत होती. नको. बोलू नको.

“लिहा,” मी म्हटलं, “यंत्र चालत नाही. एकही मासा यात सुकलेला नाही.”

दोन हंगाम संपले.

दुसऱ्या दिवशी चारला माझे पाय सवयीने तिच्याच अंगणाकडे वळले. वही नाही, वजनकाटा नाही. तिने चहा ठेवला. पहिल्याच आठवड्यात काय झालं ते मग तिने सांगितलं. पंखा अडकला, बंद पेटीत मासे सुकायच्या ऐवजी उकडले. दोन टोपल्या तिने खाडीत नेऊन टाकल्या. त्यानंतर रोज मासे वाळूवर, रोज कावळे, रोज एकेका माशाची वाळू फडक्याने पुसायची, आणि साडेतीनला सगळे उचलून यंत्रात मांडायचे. अकरा आठवडे. माझं यंत्र यायच्या आधी होतं त्याच्या दुप्पट काम!

“काकी, मगे माका सांगूचा नाय? एक शब्द सांगला असतंस!”

“सांगला असता तर तू काय केला असतंस?”

“यंत्र उचलून शेडमध्ये नेलं असतं. मोटार बदलली असती. महिन्याभरात नीट झालं असतं सगळं!”

“व्हय मा,” ती म्हणाली. चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

“आणि मगे तू चार वाजता खंय गेली असतंस?”